रविवारची गाडी

परतवाडा

फादर क्लेमंट यांना नबीचा सलाम.

म्हाताऱ्या फादरांच्या आश्रमातून तुमचं पत्र आलं. मेल्यावर तुम्हाला माती मेळघाटातच हवी, आपल्या लोकांजवळ. "गावाले विचारून सांग, नबी," असं लिहिलं तुम्ही.

एक गोष्ट मी तीस वर्षं लपवली. पहिल्या रविवारी माझ्या जीपने तुम्हाला मेळघाटातल्या त्या वरच्या गावात नेलं, तेव्हा मिस्सेला, तुमच्या रविवारच्या प्रार्थनेला, एकही माणूस आला नाही. मी बाहेर बसून ऐकत होतो. रिकाम्या चॅपलमध्ये तुम्ही अख्खी मिस्सा म्हटली, आवाज जराही कमी केला नाही. मला राहवलं नाही. पुढच्या रविवारी गावात सांगून आलो, "जो प्रार्थनेले बसन, त्याले परतवाड्यापर्यंत फुकट नेतो."

चॅपल भरलं. तुम्ही रडले. मग खरं सांगायची माझी हिंमतच झाली नाही. त्या लोकांसाठी तुम्ही दोनदा बदली नाकारली, केरळात आईच्या मातीलाही गेले नाही.

तुम्ही आश्रमात गेल्यावर मी ती फुकट फेरी बंद केली. महिनाभरात नव्या फादरांनी चॅपलला कुलूप लावलं.

काल गावात जाऊन तुमच्या मातीचं विचारलं. पहिल्या बाकावर बसायची ती सोमायबाई म्हणाली, "ते गाडीवाले बाबा? गाडी पुन्हा सुरू करून राहिले का?"

तुम्हाला 'या' लिहू की 'येऊ नका', ते ठरत नाही. हे पत्र तर टपालात टाकणारच नाही.

तुमचाच,
नबी ड्रायव्हर