दहा घोडे जास्तीचे

३ जानेवारी १९८८, रविवार

स्पेअर पार्टच्या दुकानातून सहदेवला डायरी मिळाली. वर ट्रकचं चित्र, आत सगळं कोरं. एवढा चांगला कागद वाया जाणार म्हणून ठरवलं, रोजनिशी ठेवायची. मला अक्षर येत नाही, पण बोलता येतं. आणि सुनेला तिच्या बापाने सातवीपर्यंत शिकवलंय, ते कधीतरी उपयोगी पडलं पाहिजे. शेवंतीला सांगितलं, मी बोलेन ते लिहायचं, पण वाचायचं नाही, खासगी आहे. म्हणाली, आत्याबाई, न वाचता लिहू कसं? म्हटलं, भाकरी थापताना खातेस का? लिहायला लागली.

यात मुख्य गाडीचं लिहायचं. गाडी आमच्या मालकांनी घेतलेली. ते गेले, गाडी राहिली, आता माझा सहदेव चालवतो. मानपाड्याच्या कंपनीतून रंगाची पिंपं भरायची, कसारा घाट चढायचा, मालेगावला उतरवायची, परत यायचं. चार दिवसांचं काम. तो आठव्या-नवव्या दिवशी येतो.

कारण मला माहीत आहे. गाडी घाटात दमते. इंजिन तापतं, मग वर गेल्यावर घोटीला ती थंड करायला थांबावं लागतं. सहदेवनेच सांगितलं. गाडी थंड व्हायला चार-चार दिवस लागतात हे मला आधी माहीत नव्हतं. लोखंड आहे, लागत असतील.

५ जानेवारी, मंगळवार

संकल्प केले. एक, सुनेला तिच्या तोंडावरून बोलायचं नाही. ते सकाळपासून उतरलेलं असतं, असू दे. दोन, नळावर विमलाबाईशी भांडायचं नाही. तीन, मशेरी बंद.

६ जानेवारी, बुधवार

मशेरी लावली. दाढ दुखत होती. विमलाबाईशी भांडले, कारण ती माझ्या हंड्याच्या पुढे कळशी घालते. सुनेला काही बोलले नाही. फक्त म्हटलं, मयत झाल्यासारखं काय बसलीस.

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. सहदेव आला नाही. शेवंतीने काळं लुगडं नेसून संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग बदललं. नात सरस्वती बारा वर्षांची आहे, तिला सगळंच विचारायचं असतं. आजी, पप्पा सणालाच का येत नाहीत? म्हटलं, सणाला घाटात गर्दी, गाड्या हळू, इंजिन जास्त तापतं. पोरीला पटलं. मलाही पटलं, इतकं नीट सांगितलं मी.

तिळाचे लाडू डब्यात ठेवले. टिकतात.

१७ जानेवारी, रविवार

सहदेव आला. दोन दिवस राहिला, त्यातला दीड झोपला. निघताना म्हणाला, आई, गाडीत दम नाही उरला. मी गाडीला चांगलं झापलं. त्याला काही बोलले नाही, त्याचा काय दोष?

२४ जानेवारी, रविवार

काळुरामला बोलावलं. अंगणाच्या पलीकडेच त्याचं गॅरेज. चहा पिऊन कपाला ग्रीस लावून परत देतो, पण हात चांगला आहे. म्हटलं, गाडी दमते त्यावर काहीतरी औषध सांग. म्हणाला, मावशी, इंजिनालाही श्वास लागतो. तुमची गाडी बोनेटखालची हवा ओढते. तिथली हवा तापलेली, आणि तापलेली हवा पातळ, पाहुणे वाढले म्हणून पाणी घातलेल्या ताकासारखी. पोट भरत नाही. बाहेरची हवा गार, दाट. टपावरून पाइप आणून ती थेट आत सोडली, की डिझेल नीट जळतं आणि ताकद वाढते. मी विचारलं, किती? म्हणाला, दहा घोडे कुठे जात नाहीत. मग घाटात दमायचा प्रश्न नाही, घोटीला थांबायचा प्रश्न नाही.

माझ्या लग्नात एक घोडा होता आणि त्याने मालकांना वेशीत पाडलं. इथे दहा.

शेवंतीला विचारलं, तुला काय वाटतं? बसवा म्हणाली. आमटीत पाणी घालू का विचारलं तरी ती अशीच म्हणते, घाला.

१ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळ

पाइप बसला. मागच्या दाराचं जुनं पिंप मी दिलं, काळुरामने ते कापून, वाकवून, जोडून वीतभर रुंदीचा पाइप केला. सांध्यांना ट्यूबचं रबर, वर क्लिपा. इंजिनाजवळ पांढरी दोरी गुंडाळली, म्हणजे आतली हवा पुन्हा तापायला नको. टपाच्या वर पाइपाचं तोंड मागे वळवलं, पाऊस आत जाऊ नये म्हणून. गाडीला सोंड फुटल्यासारखी दिसते.

सुरू केली तर आवाजच वेगळा. आधी नुसती घरघर होती. आता आत कुणी शंख फुंकतंय, असा हुंकार. बरं झालं. आता गाडी नाक्याच्या वळणावर आली की मला खाटेवर बसून कळेल, तेवढ्यात ताट वाढून होईल.

सहदेव खूश दिसला नाही. म्हणाला, आई, कशाला उगाच? म्हटलं, तुझ्यासाठीच केलं रे, लवकर घरी येशील. मान खाली घातली. लहानपणापासून लाजाळू आहे.

२ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी गेला. मी हिशेब केला. आज चढला, उद्या माल उतरवला, परवा निघाला, शुक्रवारी घरी. शेवंतीला सांगितलं, शुक्रवारी वांगी आण.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

वांगी आणली.

६ फेब्रुवारी, शनिवार

पाइप नवा आहे. नवी चप्पलही आधी चावते, मग रुळते. वांगी आम्ही खाल्ली.

९ फेब्रुवारी, मंगळवार

विमलाबाई नळावर म्हणाली, मनुबाई, तुमच्या गाडीला घोटीची हवा फारच मानवली वाटतं. म्हटलं, मानवणारच, तिकडची हवा गार आहे, काळुरामला विचार. बाकीच्या बायका हंड्यात बघून हसत होत्या. हंड्यात काय होतं कोण जाणे. शेवंती रिकामी कळशी घेऊन घरी गेली, पाणी भरायचं विसरली. हल्ली विसरते.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

अकराव्या दिवशी आला. आवाज वळणावरच ओळखला मी. म्हणाला, कांद्याचे लिलाव बंद होते, परतीचा माल मिळेना. बरोबर आहे, रिकामी गाडी कोण आणतं? विचारलं, घाट कसा चढला? तेव्हा मात्र तोंड खुललं त्याचं. आई, एकदम मस्त, तिसऱ्या गिअरमध्ये सरळ वर, तापल्याचा काटा हलला नाही. म्हटलं, मग घोटीला का थांबलास? पाणी पीत होता, पीतच राहिला. तांब्यातलं पाणी संपलं तरी तांब्या तोंडालाच.

दमला असेल. गाडी दमत नाही म्हटल्यावर कुणीतरी दमणारच.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा दहा दिवस. काळुरामचा पाइप बोगस आहे असं माझं मत झालंय. त्याला आज सकाळी सगळ्यांसमोर सुनावलं. दहा घोडे म्हणालास, एकाचंही तोंड घराकडे कसं नाही रे? तो पाना हातात घेऊन उभा राहिला. म्हणाला, मावशी, माझ्या कामावर घालू नका. पुढे काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात शेवंती दोरीवरचे कपडे काढायला आली. तिला बघितलं आणि गाडीखाली शिरला. त्या गाडीचं काम झालेलं होतं. तरी शिरला.

३ मार्च, गुरुवार

होळी. सात पुरणपोळ्या जास्त झाल्या.

६ मार्च, रविवार

काळुराम स्वतःहून आला. अपमान पचत नव्हता त्याला. म्हणाला, मावशी, तुम्हीच बसा गाडीत. स्टेअरिंगसमोर गोल घड्याळ आहे, त्यात काटा आहे. काटा लाल पट्ट्यात गेला तर इंजिन तापलं, पाइप खोटा, मी धंदा सोडतो. मध्यावर राहिला तर पाइप खरा. आकडे वाचता यायला नकोत, काटा तर दिसतो ना?

दिसतो. ठरलं. नाशिकला बहीण आहे, केशरबाई, तिला भेटायचं म्हणायचं आणि गाडीत बसायचं. सहदेवला सांगितलं तर म्हणाला, आई, एसटीने जा, गाडीत हाडं खिळखिळी होतील. म्हटलं, नवऱ्याच्या गाडीत नाही खिळखिळी होत. घोटीचं दुखणं मी शोधून काढणार आणि शेवंतीच्या हातात तिचा नवरा चौथ्या दिवशी आणून देणार. हे मी तिला सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं होतं. म्हटलं, लिही.

११ मार्च, शुक्रवार. दुपार

एसटीने परत आले. सगळं सांगते, तशी लिही.

मंगळवारी निघालो. कसाऱ्यापर्यंत सहदेव बोलत होता, पुढे गप्प. घाटात बाकीच्या गाड्या कडेला बोनेट उघडून वाफा सोडत उभ्या, आमची हुंकार भरत वर. मी डोळा काट्यावरून हलवला नाही. मध्यावर. वरच्या वळणालाही मध्यावर. मालक असते तर स्टेअरिंगला हार घातला असता. मी सहदेवला म्हटलं, बघ, काही झालं नाही गाडीला. तो म्हणाला, हं.

घोटी आली तशी त्याने गाडी पळवायला घेतली. रस्त्याला लागून पंक्चरचं दुकान आणि शेजारी एक घर, दाराला निळा रंग. आमचा आवाज लांबूनच गेला असेल तिथे. घरातून एक पोर पळत आली, तीनेक वर्षांची, आणि रस्त्याच्या कडेला दोन्ही हात वर करून उभी राहिली, उचलून घे म्हणतात तशी. सहदेवने ब्रेक लावला नाही. मी मागे वळून बघितलं तर हात अजून वरच.

पोरं काय, कुठलीही गाडी आली की पळतात. कान मात्र तिचे बाहेर आलेले होते. आमच्या मालकांचे तसे होते, सहदेवचे तसे आहेत. पण असे कान महाराष्ट्रात पुष्कळ असतील.

मी पुन्हा काट्याकडे बघत बसले. मध्यावर होता.

नाशिकला केशरबाईकडे दोन दिवस राहिले. सहदेवने निरोप पाठवला, गाडीचं काम निघालंय, आई, तू एसटीने जा. आज सकाळच्या एसटीने निघाले. घोटीला खिडकीतून आमची गाडी दिसली, निळ्या दारासमोर उभी. थंड करायला थांबली असणार. बोनेट बंद होतं. तिकडे चोऱ्या होत असतील, म्हणून बंद ठेवलं असेल.

१२ मार्च, शनिवार

काल मी सांगत होते तेव्हा शेवंती लिहीतच नव्हती. पेन धरून बसून होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, आता एकदम लिहिते. लिहून झाल्यावर विचारलं, आत्याबाई, पोर चालताना लंगडत नव्हती ना? मागे पाय मोडलेला तिचा.

 पुढेही तीच बोलली. चैत्रात तीन वर्षांची होईल. नावही सांगितलं. ते इथे लिहू नको म्हटलं.

तिला कसं कळलं विचारलं. म्हणाली, तुम्हीच कागद दिलात. आठवलं मला. सहदेवचा शर्ट धुवायला टाकताना खिशात कागद सापडलेला, गोल शिक्क्याचा. मी शेवंतीला दिला. म्हटलं, सरकारी दिसतो, गाडीचाच असेल, जपून ठेव. तो दवाखान्याचा होता. मुलगी झाल्याचा, आईचं नाव, बापाचं नाव. तिने जपून ठेवला. अजून गाडीच्या कागदांतच आहे, मी सांगितलेलं म्हणून. पोरीच्या पायाला प्लास्टर घातल्याची चिठ्ठीही पुढे अशीच खिशात मिळाली तिला, पोरीच्या नावाची.

म्हटलं, मला का नाही सांगितलंस, शेवंते? तीन वर्षं? म्हणाली, तुम्ही घाटाचं इतकं चांगलं सांगायचात, आत्याबाई. कधीकधी मलाही खरं वाटायचं.

मशेरी लावली. दोनदा.

१८ मार्च, शुक्रवार

पाडवा. गुढी शेवंतीने एकटीने उभारली, मला वर बघवत नव्हतं. सहदेव आला. सणाला आला. त्याला काय काय बोलायचं ते आठवडाभर तयार करून ठेवलेलं, दामटून, रांगेत लावून. त्याने पायावर डोकं ठेवलं आणि मी म्हटलं, उन्हातून आलास, आधी जेव.

शेवंतीने वाढलं. मी त्याच्यासमोर बसले आणि म्हटलं, काळुरामला सांगून तो पाइप काढून टाकणार आहे. गाडी दमू दे पहिल्यासारखी. गाडी दमली की माणसाला थांबावंच लागतं. त्यात कुणाचा दोष नसतो, घरी बसलेल्यांना काही विचारावं लागत नाही. चांगलं चाललेलं आपलं. मीच नको तिथे हात घातला.

सहदेव ताटाकडे बघत होता. चुलीपासून शेवंती म्हणाली, राहू दे पाइप. उशीर झाला की ती पोर उन्हात उभी राहते.

मग तिने सहदेवला आणखी पोळी हवी का विचारलं. विचारता विचारता वाढलीच.

२० मार्च, रविवार

सहदेव पहाटे गेला. वळणापर्यंत आवाज ऐकू आला, मग नाही. सरस्वतीने विचारलं, पप्पा कधी येणार? मी शेवंतीकडे बघितलं, शेवंतीने माझ्याकडे. घाटाचं काही सुचलं नाही.

दहा वाजता काळुराम आला. हात धुऊन आलेला, म्हणजे महत्त्वाचं काम. म्हणाला, मावशी, तुम्ही नाशिकहून आलात त्याला आठवडा झाला, आता सांगा. काटा कुठे होता? म्हटलं, मध्यावर. लाल पट्ट्यात एकदाही गेला नाही? म्हटलं, नाही, तुझा पाइप खरा आहे, धंदा सोडू नको. फरक किती पडला ते सांगा, म्हणाला, मला पुढच्या गिऱ्हाइकाला सांगता येईल. मी विचार करून सांगितलं. पूर्वी तो तिथे दिवेलागणीला पोचायचा, आता दुपारच्या जेवणाला पोचतो.

काळुराम खूश झाला. म्हणाला, बघा, मी सांगितलेलं.