रंजीताला परत करायची गोष्ट

मी, धनराज सोमाजी गुरनुले, वय ७९, निवृत्त शिक्षक, राहणार मूल, जिल्हा चंद्रपूर. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणाचा दबाव नाही. लाज वाटते, म्हणून स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक पत्नी शकुबाईची, तिच्यानंतर मुलगा प्रफुलची. त्याने गाडी ठेवायला मागचं सीताफळ तोडू नये.

२. माझी शिडी आठ वर्षांपासून शेजारच्या नीलाबाईंकडे आहे. ती त्यांनीच ठेवावी; पण माझी आहे, हे एकदा कबूल करावं.

३. १९७६ साली निघालेला परीकथेचा सिनेमा लोक अजून पाहतात. पडद्यावर ‘कथा : धनराज गुरनुले’ असं येतं. ते खोटं आहे. धानोऱ्याकडच्या जंगलगावात मी गुरुजी असताना तिथल्या बुधरीबाईंनी मोहफुलं वेचता वेचता ती गोष्ट मला सांगितली. त्या सांगायच्या, मी हुंकारा द्यायचो. तिथे हुंकारा म्हणजे ऐकलं आणि मानलं, अशी कबुली. गोष्टीत वाट चुकलेल्या मुलीला मोहाच्या झाडातला पेन घरी पोचवतो. पेन म्हणजे त्यांचा, गोंडांचा देव. हे मला चांगलं ठाऊक होतं. सिनेमावाल्यांना राक्षस हवा होता. मी ‘पेन’ खोडून ‘राक्षस’ लिहिलं आणि शेवटी मुलीच्या हातून त्याला मारलं.

वर मिरवायला म्हणून बाईंना एस.टी.ने मूलच्या टुरिंग टॉकीजमध्ये आणलं. देव मेला तेव्हा तंबूभर टाळ्या पडल्या. बाई उठून बाहेर गेल्या. मी मागे गेलो, तर म्हणाल्या, “गुरुजी, तुमी त हुंकारा देत होता. मंग माह्या देवाले काऊन मारलं?”

पुढे चाळीस वर्षं त्या सिनेमापायी शाली घेतल्या. बाई वारल्या, तरी माफी मागायला गेलो नाही.

४. गोष्टीची वही आणि भिंतीवरचं सिनेमाचं पोस्टर बुधरीबाईंची मुलगी रंजीता हिला परत करतो. आधी इथे ‘देतो’ होतं. गेल्या आठवड्यात तिला वाचून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, “आमचीच व्हय ते गोष्ट. तुमी देणारे कोण, गुरुजी?” चहा मात्र पाजला. शब्द बदलला आहे, खाडाखोडीवर सही केली आहे.

५. नात दिव्यानी मोबाइलवर तो सिनेमा पाहते आणि राक्षसाला भिते. प्रफुलने तिला रंजीताकडे न्यावं. रंजीता सांगेल तर मूळ गोष्ट ऐकवावी, हुंकारा दिव्यानीने द्यावा. नाही म्हणाली, तर मुकाट परत यावं.

माझ्या फोटोखाली ‘कथाकार’ लिहू नये.

मूल, दि. ९ मार्च २०२५
लिहून देणार : धनराज सोमाजी गुरनुले

समक्ष सही करणारे :
दिनेश मोहुर्ले
नीलाबाई वासेकर (वाचलं. शिडी गुरुजींचीच आहे. उद्या आणून देते.)