काळ्या पट्ट्यांची स्वेटरं

प्रिय आत्याबाई,

तुम्ही गेलात त्याला पावणेदोन वर्षं झाली. एवढ्या दिवसांत मुद्दाम कळवावं असं माझ्याकडं काही नव्हतं. आज आहे. परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी दौंडच्या ताईसाहेबांना भरल्या मांडवात गप्प बसवलं, आणि आज सकाळी त्याचा फोटो पेपरात आलाय. चहा गार झाला, भाकरी थापायच्या राहिल्या, तरी आधी हे लिहायला बसले.

तुम्हाला पेपर मीच, तुमची सून, वाचून दाखवायचे. प्रौढांच्या वर्गात जाऊन अक्षरं मी गिरवली, आणि वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचायचा नादही मलाच लागला. तुम्ही म्हणायचा, "वाच गं, आज शेंगदाण्यानं काय बातमी आणली?" आता हे पत्र तुम्हाला कोण वाचून दाखवणार? म्हणून मोठ्यानं वाचत लिहिते आहे. ऐका.

आधी तुमचं कौतुक करते, कारण पुढं मी तुमच्यावरही रागावणार आहे.

मेंढरं विकून आपण शेतीला लागलो, पण तुमच्या हातातली लोकर सुटली नाही. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दोन सुयांवरचं विणकाम दाखवलं आणि साठीच्या बाईनं तीन दिवसांत उलटे-सुलटे टाके उचलले! सुया तरी कसल्या, सायकलच्या चाकाच्या तारा दगडावर घासून केलेल्या. भंगारवाल्याकडून फाटकी स्वेटरं आणायची, उसवायची, आणि उकळत्या पातेल्याच्या वाफेवर धरून त्या लोकरीची वळणं काढायची. माझी बोटं भाजली तेव्हा काय म्हणालात? "लोण्याची हायत का गं तुझी बोटं?"

हे सगळं ऊसतोडीच्या पोरांसाठी. भीमेच्या काठाला टोळ्या उतरल्या की सकाळी ताक घेऊन तुम्ही त्यांच्या झोपड्यांवर, त्या कोप्यांवर, जायचा. पाचटाच्या जाळाभोवती नुसत्या सदऱ्यावर बसलेली ती पोरं बघून आलात आणि मला म्हणालात, "कोकरू कुडकुडलं तर आपण घोंगड्यात घेतो. ही तर माणसाची हायत."

प्रत्येक स्वेटरच्या डाव्या बाहीला तुम्ही काळ्या लोकरीचे पट्टे घातलेत. आपल्या शेवटच्या दोन मेंढ्यांची ती लोकर, तुम्हीच कातलेली, जाडीभरडी. एका स्वेटरला मनगटाशी एक पट्टा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला कोपरावर एक आणि मनगटाशी दोन. एकासारखं दुसरं नाही. मी विचारलं, हे कशाला?

"मेंढीच्या कानाला खूण करतो का न्हाई? दुसऱ्याच्या कळपात गेली तरी आपली आपल्याला वळखू यावी."

अकरा स्वेटरं झाली आणि ताईसाहेबांची जीप दारात आली. दौंडच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा, पुढं निवडणुकीला उभ्या राहायची तयारी चाललेली. तुमच्या घोंगडीवर बसून त्यांनी चहा घेतला आणि तुम्ही विरघळलात. हो, विरघळलात! "आजी, आमच्या मंडळातर्फे वाटू या. चांगला कार्यक्रम करू, चार लोकांना कळेल." तुम्ही गाठोडं उचलून त्यांच्या जीपमध्ये ठेवलंत. जाता जाता त्या म्हणाल्या, "फक्त आजी, कार्यक्रमाला जोडून हळदीकुंकू ठेवलंय. तुम्ही दोघी... समजून घ्याल ना?"

आपण समजून घेतलं! तुमचं कुंकू जाऊन वीस वर्षं झालेली, माझं तुमच्या लेकाच्या अपघातात गेलेलं. ज्या हातांनी स्वेटरं विणली आणि ज्या हातांनी लोकर उसवली, ते चारही हात घरात, आणि कर्ण्यावरून ताईसाहेबांचं भाषण ऐकत बसलो. त्या बाईला नेमकं हेच हवं होतं, हे तेव्हा आपल्याला कळलं नाही.

चार दिवसांनी आपण दोघी ताक घेऊन कोप्यांवर गेलो. तुम्हाला तुमची स्वेटरं पोरांच्या अंगावर बघायची होती. पोरं तशीच, नुसत्या सदऱ्यावर. कौसाबाई, ती बीडकडची, कोयत्याला धार लावत बसलेली. तुम्ही विचारलं, "स्वेटरं कुठं हायत?"

ती म्हणाली, "फोटू झाला आन् काढून घेतली की, आजी. धुवून देतो म्हणले."

किती सरळ बोलली होती ती! पण तुम्ही दुसऱ्या दिवशी एसटीनं दौंडला गेलात, ताईसाहेबांना विचारलंत, आणि त्या हसून म्हणाल्या, "अहो आजी, त्या लोकांचं काय खरं धरता? विकून टाकली असतील. मी स्वतः घातली पोरांना."

तुम्ही कुणाचं खरं धरलंत? जिनं खुर्ची दिली तिचं. परत येऊन थेट कोप्यांवर गेलात आणि साऱ्या टोळीसमोर कौसाबाईला म्हणालात, "लेकराच्या अंगावरचं विकून खाता व्हय गं? लाज न्हाई वाटत?" तिनं पदराचा बोळा तोंडाला लावला आणि कोपीत गेली. मी तुमच्या शेजारी उभी होते, आत्याबाई. मी तुम्हाला अडवलं नाही. उलट वाटेत म्हटलं, "जाऊ द्या, ह्या लोकांचं असंच असतं." हे वाक्य मी अजून गिळू शकलेले नाही.

त्या दिवसानंतर तुम्ही सुयांना हात लावला नाहीत. ताक बंद केलंत. कोप्यांकडं पाठ करून बसायला लागलात. वर्ष उलटून पुढच्या उन्हाळ्यात गेलात, त्या आधी आठ दिवस मला म्हणालात, "हौसा, माणसासाठी काय करू नगं. मेंढरू बरं." ज्या बाईमुळं तुमच्या तोंडून हे निघालं तिला मी सोडेन असं वाटलं का तुम्हाला?

पण तेव्हा मलाही काही ठाऊक नव्हतं. कळलं ते यंदाच्या दिवाळीत, पोह्यांच्या पुडीवर. केंदूरच्या कार्यक्रमाचा फोटो, तुम्ही गेल्यानंतरच्या संक्रांतीचा. ताईसाहेब मधे, पुढं पोरांची रांग, आणि एका पोरीच्या डाव्या बाहीवर कोपराशी एक आणि मनगटाशी दोन काळे पट्टे. मी पोहे परातीत ओतले आणि तुमची ट्रंक उघडली. आपल्या गावातल्या कार्यक्रमाचा फोटो तुम्ही कापून ठेवलेला. त्यातही तेच स्वेटर, एका मुलाच्या अंगावर. मग दुसरं जुळलं, तिसरं जुळलं. एकच गाठोडं ती बाई गावोगाव फिरवत होती! घालायची, फोटो काढायचा, उतरवून पुढच्या गावाला न्यायची.

त्या दिवशी काय काय मनात आलं, सांगू? तिच्या अंगावरची शाल ओढून घ्यावी आणि पौषातल्या सकाळी तिला नदीच्या वाऱ्याला उभी करावी. दात वाजायला लागले की विचारावं, "फोटो काढू का?" मला या विचाराची लाज वाटली नाही. अजून वाटत नाही.

टोळी आली तशी मी कौसाबाईकडं गेले. दोन्ही कागद दाखवले, तुमच्या वतीनं माफी मागितली. ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुमच्यासाठी आहे.

"माफी तिनं मागायची व्हती. ती तर गेली. त्या बोलण्यापायी माझ्या मालकानं मला मारलं, खरंच विकली का म्हणून. मी न्हाई इसरणार."

मी मान खाली घातली. तुम्हीही घाला. तिचा राग रास्त आहे आणि तो तुम्हाला तिथं बसून सोसावा लागेल.

मग तीच म्हणाली, "माफीनं पोरांची थंडी जात न्हाई. स्वेटरं आन."

"आणते," मी म्हटलं. "पण पोरं माझ्या सांगण्यात राहिली पाहिजेत."

ताईसाहेब यंदा पुन्हा आपल्याच गावात येणार होत्या. मी आणखी कुणाला काही बोलले नाही. दिवाळी ते संक्रांत अगदी शांत राहिले. परवा न्हाऊन, पांढऱ्या कपाळानं मांडवात गेले आणि पहिल्या ओळीत बसले. आपली शेजारीण शेवंता कानाशी लागली, "अगं हौसा, आज हळदीकुंकू हाय. तू कशी काय?"

"मी कुंकवाला न्हाई आले. माझ्या सासूच्या स्वेटरांना आले."

"यडी का खुळी! लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. कर्णा हाय, समद्यांना ऐकू येईल."

पोरांना स्वेटरं घातली. तुमचीच, आत्याबाई! कडा सुटलेल्या, रंग विटलेले, पण पट्टे जसेच्या तसे. फोटोवाल्यानं फोटो काढला. लगेच मंडळाच्या दोन मुली टोपली घेऊन पुढं झाल्या, "चला, काढा रे बाळांनो, धुवून देतो." तेवढ्यात मी उठले, स्टेजवर चढले आणि माईक धरला.

मी म्हणाले, "ताईसाहेबांचे लई उपकार. त्यांनी आज ही स्वेटरं पोरांना कायमची दिली. माझ्या सासूनं, गंगूबाईनं, ती विणली. डाव्या बाहीचे पट्टे ही तिची खूण. हीच स्वेटरं केंदूरच्या पोरांच्याही अंगावर होती, हा बघा फोटो. तिथल्या पोरांची उतरवली, इथल्यांची उतरवणार नाहीत. काय ताईसाहेब, बरोबर ना?"

फोटोवाल्यानं कॅमेरा पुन्हा वर केला. ताईसाहेब काय करणार? हसल्या. "हो, हो, दिलीच आहेत."

"ऐकलंत? पळा रे!"

काय पळाली पोरं! उसाच्या बांधावरून, कोप्यांच्या दिशेनं, एकही मागं वळून बघेना. टोपलीवाल्या मुली उभ्याच राहिल्या. मांडवाच्या कडेला कौसाबाई होती. ती इतकी हसली, इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं.

ताईसाहेब माझ्याजवळ येऊन दातावर दात दाबून म्हणाल्या, "हौसाबाई, तुम्हाला बघून घेईन."

"बघा की. फोटोवाला अजून हितंच हाय."

एवढं झालं म्हणून माझं मन भरलं असं समजू नका. आजच्या पेपरात वर ठळक लिहिलंय, ताईसाहेबांकडून मुलांना मायेची ऊब. तुमचं नाव कुठंच नाही! तीनदा वाचलं, नाही. आणि खरं सांगायचं तर निम्मी स्वेटरं पोरांना तोकडी झालीत. कौसाबाईच्या लेकीची बाही कोपरापाशीच संपते. पोरं वाढली आणि स्वेटरं तीन वर्षं टोपलीत! त्या तीन थंड्या मी त्या बाईला कशा परत मोजायला लावू?

काल मंडळाची एक मुलगी निरोप घेऊन आली होती. पुढच्या महिन्यात दौंडला माझा सत्कार करायचा म्हणे, शाल आणि नारळ देऊन. माझं तोंड बंद ठेवायची ही त्यांची तऱ्हा. शेवंता म्हणाली, "नगं जाऊ, अडकवतील." मी त्या मुलीला पाणी दिलं आणि सांगितलं, येते म्हणावं.

आत्याबाई, मी जाणार आहे. कौसाबाईला सोबत घेऊन जाणार आहे. तिची टोळी तोवर इथंच आहे, आणि तिला मी विचारलंय. "मला बी बोलू देतील का?" म्हणाली. देतील, मी माईक तिच्याच हातात देणार आहे. जे ती तीन वर्षांपूर्वी तुम्हाला म्हणाली होती आणि आपण दोघींनी खोटं ठरवलं, तेच तिनं तिथं म्हणायचं, ताईसाहेबांच्या तोंडावर, सगळ्या दौंडसमोर. ती बोलून संपेपर्यंत मी ताईसाहेबांना खुर्चीवरून उठू देणार नाही. हे माझं तुम्हाला वचन.

राग न सोडलेली तुमची सून,
हौसा
वडगाव रासाई