साइट नेमकी कशाबद्दल आहे?

प्रिय ठमाबाई,

फोन करायचा सोडून आई पत्र का लिहीत बसली, असं वाटेल तुला. पण मी फोन घेतला की बाबा शेजारी येऊन बसतात. शिवाय हे सगळं मलाच अजून धड कळलेलं नाही. लिहिता लिहिता कळलं तर बरं.

गेलं वर्षभर दुकानात काम नाही. "बरं चाललंय" असं तुला सांगत होते, ते आपलं उगीच. तू वेबसाइट करून दिलीस तेव्हा कशी रीघ लागली होती! शिलाई मशीन टाके सोडतंय, दोरा तुटतोय, असं कुणी नेटवर शोधलं की बाबांचा लेख सगळ्यात वर. माणसं कुठून कुठून मशीन तान्ह्या बाळासारखं सांभाळत आणायची, आणि बाबांची कॉलर ताठ. मग हळूहळू फोन थंडावले. मला वाटलं, हल्ली लोक सरळ नवंच घेत असतील. बाबा मात्र रोज दुकान उघडून फोनकडे डोळे लावून बसायचे. ते बघवेना, म्हणून समोरच्या शिंपीणबाईंच्या सुनेला बोलावलं. ती वेबसाइटचंच काम करते.

तिनं शोधून दाखवलं, तर आपलं दुकान पार पाताळात. मग साइट उघडून बराच वेळ वाचत बसली आणि म्हणाली, "काकू, ही साइट नेमकी कशाबद्दल आहे?" मी म्हटलं, अगं, वर एवढ्या ठळक अक्षरांत लिहिलंय की, मशीन दुरुस्तीबद्दल! तेव्हा तिनं समजावलं. एखादी साइट एकच विषय धरून तो सगळ्या बाजूंनी नीट सांगत राहिली, की शोधून देणाऱ्या यंत्रणेला वाटतं, यांना यातलं कळतं. मग ती वर दाखवते. एवढ्या एकाच गोष्टीवर सगळं ठरत नाही म्हणे, पण वजन पडतं. आज मशीन, उद्या कबुतरं, परवा बुटांवरचे डाग असं झालं, की तिला कळेनासं होतं, यांच्याकडे कशासाठी पाठवायचं कुणाला. मी म्हटलं, एका दुकानात चार वस्तू ठेवल्या तर बिघडलं कुठे? किराणावाला ठेवतोच की. ती हसली. "काकू, किराणावाल्याकडे चष्मा करायला जातं का कुणी?" निम्मं कळलं, निम्मं डोक्यावरून गेलं.

मग तिनं बाबांचा अलीकडचा एक लेख मोठ्यानं वाचला. बॉबिनचा दोरा सैल का पडतो, इथून झकास सुरुवात. चार ओळींत बाबा बसस्टॉपवर. तिथे तू शाळेची पिशवी विसरलीस. तिथून एकदम खिडकीतल्या कबुतरांच्या घरट्यावर. आणि पुन्हा बॉबिनचा दोरा सैल का पडतो, तीच पहिली ओळ, जशीच्या तशी. मी हे लेख वाचले नव्हते असं नाही गं. एकेक सुटे वाचले होते. वाटायचं, जन्मभर मूग गिळून बसलेला माणूस म्हातारपणी मोकळा होतोय, होऊ दे. कौतुकच वाटायचं मला. पोरगी वाचता वाचता थांबली आणि हळूच म्हणाली, "काकू, काकांना बरं आहे ना?"

दुसऱ्याच दिवशी डोळे दाखवायचे असं सांगून बाबांना डॉक्टरकडे नेलं. विसरण्याचा आजार आहे. औषधानं वेग कमी होईल कदाचित, पण गेलेलं परत यायचं नाही.

आता माझा घोळ ऐक. शिंपीणबाईंची सून म्हणाली, भरकटलेले लेख वेगळ्या साइटवर हलवू, मशीनचे तेवढे इथे ठेवू. साइट पुन्हा वर येऊ शकेल, पण खात्री नाही. आणि वर आली, माणसं आली, तर दुरुस्त कोण करणार? मध्ये एक मशीन आलं होतं. बाबांनी झरझर उघडलं आणि सुटे भाग समोर मांडून नुसते बघत बसले. मी म्हटलं, "अहो, द्या इकडे, मला शिकायचंय." इतकी वर्षं बघितलेलं आठवून आठवून कसंबसं जोडलं. चालवून बघितलं, तर पलीकडे तोंड करून बसलेले बाबा नुसत्या आवाजावरून म्हणाले, "शटल नीट बसलं नाहीये." आणि खरंच बसलं नव्हतं! मग सांग, या माणसाला काय येतं आणि काय येत नाही, हे मी कसं ठरवू?

शेवटी हलवले लेख. पुसू मात्र दिले नाहीत. बाबांना म्हटलं, तुमच्या गप्पांसाठी निराळी जागा केलीय. "बरं केलंस," म्हणाले आणि लगेच लिहायला बसले. मशीनची साइट जराशी वर सरकलीय म्हणे. कुणी मशीन आणलं, की मी हात चालवते आणि बाबा कान देतात. हे बरं चाललंय की वाईट, मला काही उमजत नाही.

पण पत्र त्यासाठी नाही. गेल्या रविवारी तू बाबांशी किती वेळ बोललीस, केवढे हसत होते ते! फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "काय गोड बोलते गं ही बाई! आपलं गिऱ्हाईक आहे का?" मी हो म्हटलं. का म्हटलं, तेही कळत नाही. तर आता फोन केलास, की सगळ्यात आधी तू कोण ते सांग. अगदी सहज सांग, हवापाण्याची चौकशी करावी तसं. आणि जमेल तितक्या लवकर ये.

तुझीच,
आई