वैशाखात चाक फिरत नाही

वैशाख २

फोडले. सातच्या सात.

दुपारी घरचे आडवे झाले होते. ओसरीत झर्णाच्या लग्नाचे घट मांडलेले. बाबांनी चैत्रात घडवून भाजलेले, वर माच्या हातची पांढरी वेलबुट्टी. उद्या तळ्यापलीकडं तिच्या घरी जायचे होते. मी नुसता बघत होतो. मग डोळ्यांपुढं आलं — याच घटांसमोर ती त्या दुर्गापूरच्या माणसाशेजारी बसणार. पहिला हातातून सुटला. बाकीचे सहा मुद्दाम.

आवाजानं मा आली. ओरडली नाही. पदरात खापरं भरत म्हणाली, "निमाई, कालपासून चाकावर महादेव बसलाय. विसरलास का रे?"

विसरलो होतो! चाकावर महादेवाची पिंड मांडतात, मग अख्खा वैशाख आमच्या पाँचमुड्यात एकही कुंभार चाक फिरवत नाही. लग्न एकवीसला. नवे घट घडवायचे कशावर?

वैशाख ३

बाबा बोलत नाहीत. भात, खसखशीचं वाटण, हात धुतले, उठून गेले. फाल्गुनात मी कॉलेज सोडून आलो तेव्हाही असेच गप्प. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

वैशाख ४

मानं माती भिजवली. "चाक पुरुषांचं, ते बसलं. हात काही बसले नाहीत. हातानं घडवू. ये, बस."

"मी? हे बायकांचं काम आहे."

"फोडायचं काम कुणाचं होतं?"

बसलो. शेजारचा तारापद कुंपणावरून म्हणाला, "काय निमाई, साडी कुठली आणू? लाल काठाची चालेल?" मातीचा गोळा उचलून उठलो, तर मानं घोटा धरला. "ठेव खाली. मोजकीच भिजवलीय."

वैशाख ७

माझे चार घट खचले. जुन्या मडक्यावर थापून बूड येतं, ते जमलं. वर पोट काढायचं तर आत गोल दगड धरायचा, बाहेरून लाकडी थापी मारायची. माझी भिंत दर वेळी फाटते.

मा म्हणते, "तू कुणाला तरी मारतोयस. घट नाही घडवत. आतला हात कुठं आहे ते बाहेरच्याला कळू दे."

वैशाख ९

आज एक उभा राहिला. वाकडा आहे. पण उभा आहे.

वैशाख ११

थापता थापता आठवलं. गेल्या साली चैत्रात, महादेवाच्या गाजन-जत्रेत झर्णा आमच्या मातीच्या घोड्यांपाशी थांबली होती. एकाचा कान धरून म्हणाली, "निमाईदा, तुमचे घोडे अगदी तुझ्यासारखे. कान एवढे मोठे, ऐकायचं मात्र कुणाचं नाही." आणि हसत गेली. तेवढ्यावर मी वर्ष काढलं.

तिला मी एक शब्द बोललेलो नाही. विष्णुपूरच्या वर्गात बसून वहीभर तिचं नाव लिहिलं, परीक्षा सोडून इथं आलो, तळ्याच्या काठानं फेऱ्या मारल्या — आणि सांगितलं काहीच नाही. मग मी चिडलो कुणावर?

वैशाख १५

आवा पेटवला. सात घट — सहा माचे, एक माझा. बाबा लांबून धूर बघत होते. एकदाच जवळ आले, माझ्या बाजूची दोन लाकडं मागं ओढली आणि गेले.

वैशाख १९

सातही शाबूत निघाले. मानं रंगवले, मी डोक्यावर पाटी घेऊन पोचवले.

झर्णाचे वडील निवारणकाका अंगणात होते. घट वाजवून बघितले. हसून म्हणाले, "हाताचे आहेत, चालतील. पण काय रे, तुझ्या बापाचा आवा चाळीस वर्षांत पहिल्यांदा कच्चा राहिला? स्वतः आला होता, हात जोडून सांगून गेला. म्हणाला, डोळे गेले माझे. आता देवाला वाहायच्या घोड्यांचं काम लोकांनी दुसऱ्या कुणाकडं न्यावं की काय?"

माझे कान तापले. बाबांनी हात जोडले? बाबांनी?

झर्णा पायरीवर विड्याची पानं पुसत बसली होती. तिच्यासमोर बोलायचं नव्हतं. पण दुसरं काही तोंडात येईना.

"आवा कच्चा नव्हता, काका. घट चांगले होते. मी फोडले."

"फोडलेस? का रे बाबा?"

मी घटांकडं बघत राहिलो. झर्णाचा पानं पुसणारा हात थांबला. मग ती उठली, सातांतून नेमका तो वाकडा उचलला. दोन्ही हातांनी. "बाबा, पूजेत मधे हा ठेवायचा. बाकीचे बाजूला."

आत जाऊन वाटीभर कुरमुरे आणि गूळ घेऊन आली. "खाऊन जा, निमाईदा," म्हणाली. वर बघितलं नाही. मीही नाही.

घरी आलो तर बाबा घोड्यांचे कान घासत होते. शेजारी बसून मीही चार घासले. त्यांनी माझा एक उलटून बघितला आणि बाकीच्यांत ठेवला.

वैशाख २१

लग्नाचे शंख ऐकू आले. तळ्याच्या अलीकडच्या काठावर बसून रडलो. तारापद सांगत आला, वाकडा घट जरा कललेला होता, पण थेंबही गळला नाही.

ज्येष्ठ १

सकाळी बाबांनी चाकावरून महादेव उतरवला. मला म्हणाले, "माळ्यावरून चाक फिरवायची काठी आण." वैशाखभर ती वरच असते, कुणी चढत नाही.

काठी पेंढ्याखाली होती. काठीच्या शेजारी सात घट. चाकावरचे, भाजलेले, बाबांच्या हातचे.

एक घेऊन खाली आलो. मा चुलीकडं तोंड करून बसली होती.

"हे कधीचे?"

"चैत्रातले," बाबा म्हणाले आणि चाकासमोरून सरकून मला जागा केली. "लग्नाचे नेहमी दोन संच करायचे असतात. एक फुटतोच."