मी आत गेले की पेटणाऱ्या पेशी

४ मार्च, सोमवार

बेचाळीस नंबरची उंदरीण आज वीस मिनिटं धावली! डोकं पट्टीत घट्ट, पाय चाकावर, समोर पडद्यावर खोटा बोगदा. कवटीत बसवलेल्या काचेतून मेंदूच्या सहा हजार पेशी एकदम दिसतात — जागी झाली की पेशी हिरवी चमकते. पवईच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं काढली ती यासाठी.

बोगद्याच्या टोकाला तिच्या तोंडावर हवेचा झोत. दचकते बिचारी. झोत मीच सोडते.

६ मार्च, बुधवार

विचित्रच! पडदा बंद, चाक थांबलेलं. मी दार उघडलं आणि चाळीसेक पेशी भक्कन पेटल्या. माझ्यासोबत पीएचडी करणारा सुयोग आत आला — काही नाही. पिंजरे धुणारे दशरथकाका आले — काही नाही.

"घाबरते यार तुला," सुयोग म्हणाला.

७ मार्च

जेवण जाईना. आई म्हणाली, "काय झालं गं?" काय सांगू? एक उंदरीण मला घाबरते?

११ मार्च, सोमवार

साबण बदलला. चपला बदलल्या. झोत सुयोगला सोडायला लावला. तरी मी आत गेले की त्याच पेशी.

आज नीट ताडून पाहिलं — झोताच्या वेळी पेटतात त्या वेगळ्याच! म्हणजे भीती नाही. मग काय?

गाईड सर खूश. "झकास! माणूस ओळखणाऱ्या पेशी. पेपर लिहायला घे."

ओळखते मला. दिवसभर तेच डोक्यात.

१३ मार्च, बुधवार

दशरथकाकांना सहज सांगितलं. ते पिंजरा घासतच राहिले.

"तुम्ही सकाळी आधी पलीकडच्या खोलीत जाता ना, मॅडम? उंदीर कापायला?"

"हो."

"मी खोली बदलली की कोट बदलतो. तुम्ही नाही बदलत, वास चिकटून राहतो. तिकडची पिल्लं हिचीच आहेत. सातही. दूध सुटल्यावर मीच नेली."

रजिस्टर काढलं. आई — नंबर बेचाळीस. सहा तारखेपासून रोज एक, शनिवार-रविवार सोडून. सहा झाली. प्रत्येक ओळीपुढे सही माझी.

१४ मार्च

सरांना म्हटलं, सातवं राहू दे.

"संघमित्रा, सात ठरलेत. सहावर थांबता येत नाही."

कापलं. हात थरथरला नाही. तेच टोचतंय.

तोच कोट घालून तिच्याकडे गेले. का गेले? माहीत नाही. कधी नव्हे इतक्या पेशी पेटल्या — संगणकावर सगळं हिरवं. माझ्याकडे मान वळवायला बघत होती. पट्टी घट्ट होती.

१५ मार्च

गेलेच नाही. ताप आहे सांगितलं.

१८ मार्च, सोमवार

सरांनी धुतलेला कोट घालून जायला सांगितलं. गेले. अगदी जवळ उभी राहिले.

एकही पेशी पेटली नाही.

दशरथकाकांनी जुना कोट धुवायला मागितला. नाही दिला.