गल्लीत उभी गाडी

अमडापूर,
दि. २१ नोव्हेंबर २०२३

ती. ताईस,
भगवंताचा शि. सा. न. वि. वि.

भाऊबीज आटोपून तुझ्याकडून निघालो तो दिवस मावळायच्या आत सुखरूप घरी पोचलो. खामगावपर्यंत उभ्यानं प्रवास झाला, पुढं जागा मिळाली. फोन करणार होतो, पण तुला ऐकू येत नाही आणि तू फोन डिंपलच्या हातात देतेस. तुझी नात हो-हो म्हणते आणि ठेवून देते. म्हणून आपलं पत्रच बरं.

गाडी घरी ठेवून यष्टीनं आलो म्हणून तू माझी बरीच थट्टा केलीस. अगं, क्लचचं काम निघालं होतं. बाकी गाडी ठणठणीत आहे. अजूनही रविवारी सकाळी बॉनेट उघडून ऑइल, पाणी, बॅटरी बघतो. चाकांतली हवा तपासतो. धूळ ओल्या फडक्यानं काढत नाही, आधी कोरडं फडकं फिरवतो, नाहीतर रंगावर ओरखडे पडतात. गोविंदा चिखलीहून आला होता. म्हणाला, बाबा, तुम्ही आईची तब्येतसुद्धा इतक्या वेळा विचारत नाही. कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसून पोराची जीभ चांगलीच सुटली आहे.

मध्यंतरी डावा आरसा फुटला. दूधवाला मोटरसायकल घेऊन कुठून उगवला कोण जाणे, मला तो दिसलाच नाही. शेडच्या खांबालाही दार घासलं. मिस्तरीनं शेडचा दरवाजा अरुंदच केला आहे. म्हणून हल्ली गाडी शेडमध्ये न घालता गल्लीतच, लिंबाखाली लावतो. त्यावर समोरचा कारभारी कुरकुर करतो. त्याला पहाटे भाजीपाला बाजारात न्यायचा असतो आणि म्हणे ट्रॉली वळत नाही. परवा म्हणाला, भाऊ, थोडी पुढं घेत जा ना, आमचं फाटक अडते. मी म्हटलं, बे, दोन मिनिटांचं काम हाय, आवाज देत जा, काढून देतो. गल्ली काही एकट्याची नसते.

अन्नपूर्णा मजेत आहे, तुला नमस्कार सांगते. तुझी माया आहेच, तिच्यात माझ्या गाडीलाही थोडी जागा असू दे.

तुझा,
भगवंत

---

मलकापूर,
दि. २ डिसेंबर २०२३

चि. भगवंतास,
रुखमाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. डिंपलला मोठ्यानं वाचायला सांगितलं, ती ओरडून वाचत होती आणि खालच्या सरकी-ढेपेच्या दुकानातले लोक वर बघत होते. शेवटी तिच्या हातून घेऊन मीच वाचलं.

आता ऐक. क्लच तू गेल्या वर्षीच नवा टाकला होतास. तेव्हाही मला दोन पानं त्याचंच लिहिलं होतंस. एवढ्यात त्याचं काम कसं निघालं? अन् भाऊबीजेला ओवाळताना तुझ्या डाव्या हाताशी ठेवलेला पाण्याचा तांब्या तू लवंडलास. जाताना दाराच्या चौकटीला खांदा लागला. मी बोलले नाही. कान गेल्यापासून मला दुसरं काम काय, बसल्या बसल्या माणसं बघत राहते. गाडीचं ऑइल तू वेळेवर बदलतोस, पण डोळे शेवटचे कधी दाखवलेस?

आणि कारभाऱ्याचं म्हणशील, तर तो खोटं बोलत नाही. इथं आमच्या जिन्याच्या तोंडाशी कापसाची गाडी लावून लोक चहाला जातात. मागं एकदा दवाखान्यात जायला निघाले आणि पायरीवरच बसून राहिले. गाडीवाला आला, हसून म्हणाला असेल काहीतरी, मला ऐकू आलं नाही. पण दोन मिनिटं म्हणजे किती, हे गाडीवाल्याला कळत नाही रे. ते अडकून पडलेल्यालाच कळते.

रागावू नकोस. तू रागावलास तरी मला ऐकू येणार नाही, तेवढं एक बरं आहे.

तुझी,
ताई

---

अमडापूर,
दि. १७ डिसेंबर २०२३

ती. ताईंच्या सेवेशी,
सौ. अन्नपूर्णाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी यांना न सांगता लिहीत आहे. घडलेलं तुम्हाला कळवल्याशिवाय मला राहवत नाही.

समोरच्या कारभाऱ्यांची सून मयुरी पोटुशी होती. दिवस अजून भरायचे होते, पण गुरुवारी दुपारी तिला अचानक कळा सुरू झाल्या. आशाबाई, म्हणजे तिची सासू, धावत माझ्याकडे आली. कारभाऱ्यांनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, तीही लवकर आली. पण आपली गाडी त्यांच्या फाटकासमोर उभी, आणि अ‍ॅम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशीच थांबली. किल्ली यांच्या खिशात, आणि हे एका ओळखीच्या माणसाच्या मोटरसायकलवर बसून चिखलीला गेलेले. कशासाठी, तर गाडीचं इंजिन ऑइल आणायला.

चार-पाच माणसांनी गाडी ढकलून पाहिली. हलेना. यांची शिस्त तुम्हाला माहीत आहे, गाडी लावली की गिअर टाकायचा, हँडब्रेक ओढायचा, वर चाकाला दगड. शेवटी मयुरीला खाटेवर झोपवलं आणि ती खाट उचलून, गाडी आणि भिंत यांच्यामधून तिरपी करत नेली. ती ओरडत होती, ताई. खाटेचा एक पाय आपल्या गाडीच्या काचेवर आपटला. मी खाटेबरोबर चालत होते. माझ्याच दारातल्या गाडीला वळसा घालून चालत होते, आणि मला वर मान करवत नव्हती.

देवाची कृपा, चिखलीला पोचल्यावर मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. बाळ लहानखोर आहे, म्हणून काही दिवस तिथंच ठेवलं आहे.

हे आले तेव्हा गल्लीत कोणी त्यांना काही बोललं नाही. आशाबाई नळावर माझ्याशी बोलत नाही. हे म्हणतात, मला काय माहीत आजच वेळ येईल म्हणून. पण रात्री जेवले नाहीत.

ताई, खरी गोष्ट अशी की क्लच-बिच काही बिघडला नव्हता. यांना बाजूचं दिसत नाही. समोरचं बारीक अक्षर वाचतात, पण उजव्या-डाव्या अंगाचं माणूस दिसत नाही. दोन खांबांमधून गाडी शेडमध्ये घालता येत नाही, म्हणून ती गल्लीत असते. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, तुले काऊन एवढी चिंता, मी काय आंधळा झालो काय? मग मी गप्प बसले. आता वाटतं, गप्प बसायला नको होतं. किल्ली लपवून ठेवू का? पण तसं केलं तर त्यांना काय वाटेल, या विचारानं हात थांबतो. ते तुमचं ऐकतात. तुम्ही लिहा.

तुमच्या पायाशी विश्वासानं मन मोकळं केलं, लहान समजून सांभाळून घ्यावं.

आपली,
अन्नपूर्णा

---

मलकापूर,
दि. २२ डिसेंबर २०२३

चि. भगवंतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मला सगळं कळलं आहे. कोणी कळवलं हे विचारू नकोस, आणि जिनं कळवलं असेल असं तुला वाटेल तिच्यावर आवाज चढवू नकोस.

मी तुला चूक-बरोबर सांगायला बसलेली नाही. एकच सांगते. मला ऐकू येईनासं झालं तेव्हा वाटायचं, हे फक्त मला ठाऊक आहे. लोक बोलले की मी मान हलवायची, हसले की हसायची. नंतर कळलं, घरात सगळ्यांना माझ्याआधीच समजलं होतं. सून दोनदा सांगायची, डिंपल समोर येऊन बोलायची. सगळे मला जपत होते आणि मी त्यांच्यापासून लपत होते. कानाचं यंत्र लावल्यावर मी म्हातारी दिसेन असं वाटलं होतं. भगवंता, मी तर आधीच म्हातारी होते! यंत्रानं काही बिघडलं नाही. फार काही ऐकूही येत नाही त्यानं, ते सोड.

तुझ्या हातात गाडी आहे, एवढाच आपल्यात फरक. मी ऐकलं नाही तर भाजी करपते. तुला दिसलं नाही तर काय होईल हे मी लिहीत नाही, तूच रात्री पडल्या पडल्या बघतोस ते.

बुलढाण्याला जाऊन डोळे दाखव. गोविंदाला सोबत ने. आणि त्याच्याही आधी कारभाऱ्याच्या घरी जा. मिठाईचा पुडा घेऊन जाऊ नकोस, पुडा दिला की माणसं पुड्याबद्दलच बोलतात. रिकाम्या हातानं जा.

रागावलास तरी माझाच आहेस, हे विसरू नकोस.

तुझी,
ताई

---

अमडापूर,
दि. २० जानेवारी २०२४

ती. ताईस,
भगवंताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. पहिले चार दिवस मी ते वाचून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि तुझ्यावर चिडून फिरलो. मग कारभाऱ्याकडे गेलो.

तो ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होता. बस म्हणाला नाही, पण पोतं सरकवून जागा केली. काय बोलायचं ते मी घरून ठरवून गेलो होतो, त्यातलं एक वाक्य आठवेना. शेवटी म्हणालो, कारभारी, मले बाजूचं दिसत नाही. शेडात गाडी घालता येत नाही म्हणून तुह्या दारात लावत होतो. हे मी आतापर्यंत बायकोलेही सांगितलं नव्हतं.

त्यानं हातातली जुडी बांधून बाजूला ठेवली. मग म्हणाला, भाऊ, मले तुमचा राग नाही आला. मले भेव वाटलं. खाट तिरपी केली तेव्हा माह्या हाताले घाम सुटला होता. खाट हातातून निसटली असती त मी कोणाले तोंड दाखवलं असतं? असं म्हणून त्यानं तळहात माझ्यापुढं धरला. ताई, त्या हाताकडे पाहून मला रडू आलं. आशाबाई आतून बघत होती. तिनं चहा आणला नाही, पाणी आणलं. तेही मला पुष्कळ वाटलं.

नंतर गोविंदाबरोबर बुलढाण्याला गेलो. डॉक्टरांनी एका यंत्रात डोकं ठेवायला लावलं. आत बारीक दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. दोन-चार दिसले, मग दिसेचनात. मी वाट बघत बसलो. शेवटी विचारलं, मशीन बंद पडलं काय? तपासणारी मुलगी हळूच म्हणाली, काका, दिवे लागतच आहेत.

काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली टिकावी म्हणून रोज थेंब घालायचे. समोरचं चांगलं दिसतं, म्हणून इतके दिवस मलाही पटत नव्हतं. गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दवाखान्यातून निघालो तेव्हा मी सवयीनं गाडीच्या उजव्या दाराशी गेलो. गोविंदा किल्ली घेऊन तिथं तसाच उभा राहिला. मग मीच वळसा घालून पलीकडे बसलो.

घरी येऊन म्हणालो, गाडी विकून टाकू. अन्नपूर्णा चुलीशी... नव्हे, गॅसशी उभी होती. मागं न वळता म्हणाली, विकायची कशाला, मी शिकते. मी हसलो. ती हसली नाही.

तुझ्या आशीर्वादाचा हात डोक्यावर राहो, एवढंच मागणं.

तुझा,
भगवंत

---

अमडापूर,
दि. २५ फेब्रुवारी २०२४

ती. ताईंच्या सेवेशी,
सौ. अन्नपूर्णाचा शि. सा. न. वि. वि.

तुमची भावजय साठाव्या वर्षी मोटार शिकते आहे. सकाळी चिखलीला शिकवणीला जाते, आणि बाजार नसेल त्या दिवशी बाजाराच्या मैदानात सराव करते. हे शेजारी बसतात. त्यांच्या बाजूला ब्रेक नाही, तरी उजवा पाय सारखा खाली दाबतात. काल तर मी थांबले म्हणून गाडी थांबली, पण ते म्हणाले, बघ, मी बरोबर वेळेवर दाबला.

पहिल्यांदा क्लच सोडताना गाडी अशी उसळली की मैदानातल्या शेळ्या पळाल्या. यांनी आवाज चढवला. मी गाडी बंद केली, किल्ली त्यांच्या मांडीवर ठेवली आणि खाली उतरून उभी राहिले. थोड्या वेळानं काच खाली करून म्हणाले, ये, आता नाही ओरडत. तेव्हापासून खरंच ओरडले नाहीत. शिकवतात मात्र छान. गाडी लावून उतरलं की किल्ली खिशात घालण्याआधी सभोवार फिरून बघायला लावतात, कोणाचं दार, कोणाची वाट अडली का. हे सांगताना त्यांचा आवाज बारीक होतो. मी तिकडे लक्ष नसल्यासारखं करते.

मला शेडमध्ये गाडी घालता येते आता. पहिल्याच खेपेला नाही, पण येते. कारभाऱ्यांची ट्रॉली पहाटे सरळ निघून जाते.

संध्याकाळी थेंब मी घालते. एरवी एवढा वेळ आम्ही एकमेकांच्या डोळ्यांत बघतो कधी! तुम्ही हसाल म्हणून हे डिंपलला वाचायला देऊ नका.

आपल्या मायेची भुकेली,
अन्नपूर्णा

---

अमडापूर,
दि. २० एप्रिल २०२४

ती. ताईस,
भगवंताचा शि. सा. न. वि. वि.

अन्नपूर्णेला लायसन मिळालं हे तुला कळलंच असेल. आज जे झालं ते कळवायला बसलो आहे.

मयुरीच्या भावाचं लग्न आहे उंद्रीला. ऊन असं आहे की तान्ह्या लेकराला यष्टीत नेण्यात अर्थ नाही. काल संध्याकाळी कारभारी आला. दारातच उभा राहून, माझ्याशी नाही, अन्नपूर्णेशी बोलला. म्हणाला, वहिनी, उद्या सकाळी पोरीले अन् लेकराले उंद्रीले सोडून देता काय? अन्नपूर्णेनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माह्याकडे काय पाहतं, तुले विचारून राह्यला तो. ती हाव म्हणाली.

सकाळी मी ऑइल, पाणी पाहून दिलं, काच पुसली. अन्नपूर्णेनं गाडी शेडमधून काढली. मागच्या सीटवर मयुरी आणि आशाबाई, आशाबाईच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली छकुली. पुढं कारभारी बसला, बॅग मांडीवर घेऊन. माझ्यासाठी जागा उरली नाही. कारभारी उतरायला लागला, भाऊ, तुम्ही या म्हणाला. मी त्याचं दार लावून घेतलं. निघण्याआधी आशाबाईनं काच खाली केली आणि छकुलीचं तोंड मला दाखवलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच. म्हणाली, पाहून घ्या भाऊ, झोपेत हाय तं गोड दिसते, उठली की गल्ली डोक्यावर घेते.

गाडी निघाली. मी फाटकाशी उभा राहिलो. ताई, इतकी वर्षं मी गाडी चालवली, पण आपली गाडी जाताना कशी दिसते हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी कायम तिच्या आत. आज बाहेरून पाहिली. अन्नपूर्णा हळू चालवते. गल्लीच्या तोंडाशी थांबली, आधी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. मग इंडिकेटर दिला. रस्त्यावर कोणी नव्हतं, तरी दिला.

माझ्या कडेचं सगळं अंधारात गेलं आहे, पण समोरचं अजून लख्ख आहे. वळणावर वळेपर्यंत मला ती पूर्ण दिसली.

तुझा,
भगवंत